पाच नावांचे एकच झाड

नारळाचे झाड कोणाला माहीत नाही? पण क्षणभर अशी कल्पना करा, की तुम्ही माड कधीच पाहिलेला नाही, त्याचे चित्रसुद्धा पाहिलेले नाही. तुमच्यापुढे पाच खोकी ठेवली आहेत. पहिल्यात एक करवंटी आहे. दुसऱ्यात झावळीचा तुकडा आहे, तिसऱ्यात वाळलेली पोय, चौथ्यात खोडाची एक ढलपी आणि पाचव्यात दोरीसारख्या मुळांचा जुडगा. ही खोकी निरनिराळ्या गावांहून, निरनिराळ्या वेळी आलेली आहेत. या पाचही वस्तू एकाच झाडाच्या आहेत हे तुम्ही कशावरून ओळखाल? बहुधा तुम्ही प्रत्येकीला वेगळे नाव द्याल आणि आपण पाच नव्या वनस्पती शोधून काढल्या म्हणून खूष व्हाल!

हसू नका. दगडी कोळसा ज्या झाडांपासून झाला त्यांच्या बाबतीत मोठमोठ्या शास्त्रज्ञांवर नेमका हाच प्रसंग आला होता. त्यांच्यापुढे असलेली खोकी म्हणजे लंडन, मँचेस्टर, पॅरिस, प्राग येथील वस्तुसंग्रहालयांतील लाकडी खण. या खणांत दगड झालेली पाने, साली, मुळे आणि बिया शेकड्यांनी ठेवलेल्या होत्या. अखंड झाड मात्र एकाही खणात नव्हते. मग या तुकड्यांतून झाडे उभी राहिली कशी? त्याचीच हकीकत आज पाहू.

कोळसा झालेले अरण्य

पृथ्वीच्या इतिहासात सुमारे ३५ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीपासून २९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीपर्यंतच्या काळाला ‘कार्बॉनिफेरस कल्प’ म्हणतात. कार्बॉनिफेरस म्हणजे कोळसा धारण करणारा. या कल्पाच्या उत्तरार्धात आजचा पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेचा पूर्व भाग विषुववृत्ताच्या आसपास होता. तेथे हवा उष्ण आणि दमट होती, जमीन सखल होती, आणि मैलोगणती दलदल पसरलेली होती. त्या दलदलीत घनदाट अरण्य वाढत होते. तुम्ही त्या अरण्यात शिरला असतात तर तुम्हाला एकही फूल दिसले नसते. गवताची पात नाही, पक्ष्याची शीळ नाही. डायनोसॉर पृथ्वीवर अवतरायलाही अजून सात-आठ कोटी वर्षे अवकाश होता.

तेथे झाड उन्मळून पडले की ते पाण्याखालच्या चिखलात रुतत असे. अशा साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन फारच कमी असतो. त्यामुळे लाकूड, पाने, साली पुरत्या कुजत नसत. त्यांचे थरावर थर साचून पीट नावाचा तपकिरी, भुसभुशीत पदार्थ तयार होई. पुढे नद्यांनी आणलेल्या वाळूमातीखाली तो गाडला गेला. वरच्या थरांचा दाब आणि भूगर्भातील उष्णता यांमुळे त्यातील पाणी व वायू निघून गेले, आणि कोट्यवधी वर्षांनंतर त्याचा दगडी कोळसा झाला.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. खुद्द कोळशात झाडाचा आकार सहसा दिसत नाही, कारण तो इतका दाबला गेलेला असतो, की पान कोणते आणि साल कोणती हे डोळ्यांना कळत नाही. आकार टिकतात ते कोळशाच्या थराच्या वर व खाली असलेल्या खडकांत. वरच्या बाजूला मऊ चिखलापासून झालेला शेल नावाचा खडक असतो. तो पुस्तकाच्या पानांसारखा उलगडतो, आणि एखाद्या पदरावर नाजूक पानाचा काळा ठसा उमटलेला दिसतो. खाणकामगाराच्या दृष्टीने हा खडक म्हणजे टाकाऊ माल. वनस्पतींच्या जीवाश्मांचा अभ्यास करणाऱ्या पुरावनस्पतिशास्त्रज्ञाला मात्र तोच हवा असतो.

सापाच्या कातडीसारखी साल

बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, काउंट कास्पर श्टेर्नबेर्क नावाचे एक सरदार होते. त्यांच्या जहागिरीत कोळशाच्या खाणी होत्या. तेथे निघणारे पानांचे आणि सालींचे ठसे त्यांनी जपून ठेवले. प्राग येथे १८१८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी ते एक होते, आणि आपला संग्रहही त्यांनी त्या संग्रहालयालाच दिला.

खाणीतील सालींच्या काही तुकड्यांवर शंकरपाळ्यांच्या आकाराची नक्षी होती. एकाला लागून दुसरा असे चौकोन तिरप्या ओळींत बसवलेले. पाहणाऱ्याला वाटावे, की हे एखाद्या अजस्र सापाचे किंवा सुसरीचे कातडे आहे! श्टेर्नबेर्क यांनी १८२० साली त्या झाडाला ‘लेपिडोडेंड्रॉन’ हे नाव दिले. त्याचा अर्थ खवल्यांचे झाड.

ही नक्षी कशाची? तुमच्या परसात पपईचे झाड असेल तर त्याच्या खोडाकडे नीट पाहा. पाने गळून गेली तेथे प्रत्येक ठिकाणी एक खूण राहिलेली असते. लेपिडोडेंड्रॉनच्या सालीवरील शंकरपाळेही अशाच गळालेल्या पानांच्या जागा होत. प्रत्येक चौकोनात पानाला पाणी पुरवणाऱ्या शिरेचा बारीक ठिपकासुद्धा पाहायला मिळतो.

हे झाड ३० मीटरपेक्षाही उंच, म्हणजे जवळजवळ दहा मजली इमारतीएवढे वाढे. बुंध्याचा व्यास एक मीटरहून अधिक असे. पण त्याच्या आत आपल्या सागवानासारखे भरीव लाकूड नव्हते. मध्यभागी लाकडाचा एक बारीकसा दांडा आणि भोवती जाडजूड साल अशी त्याची रचना होती. झाड उभे राही ते मुख्यतः सालीच्या बळावर. खांबासारखे सरळ वाढून अगदी शेंड्याला त्याला दुबेळकी फांद्या फुटत. या फांद्यांवर शंकू येत आणि शंकूंतून बीजुके बाहेर पडत. नेच्याच्या पानामागच्या तपकिरी ठिपक्यांत असते तशीच ही धुळीसारखी भुकटी. बी मात्र या झाडाला नव्हते.

मुळे कोणाची?

आता खणातील दुसरा तुकडा घेऊ. कोळशाच्या खाणींत मनगटाएवढ्या किंवा मांडीएवढ्या जाड, गोल ठिपक्यांनी भरलेल्या कांड्या जागोजाग सापडत. त्यांना फ्रेंच शास्त्रज्ञ आदोल्फ ब्रोंन्यार यांनी १८२२ साली ‘स्टिग्मारिया’ असे नाव दिले. ही वनस्पती कोणती याबद्दल बराच तर्क चालला. काहींना ती जमिनीवर किंवा पाण्यात आडवी पसरणारी, निवडुंगासारखी मांसल वनस्पती वाटली.

१८४० च्या सुमारास विल्यम लोगन हे भूवैज्ञानिक दक्षिण वेल्समधील खाणी पाहत होते. त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. कोळशाचा थर कोणताही असो, त्याच्या बरोबर खाली चिकणमातीचा थर असायचाच आणि त्या मातीत स्टिग्मारिया असायचीच. एकदा नव्हे, दोनदा नव्हे, थरामागून थर तेच! मग ही चिकणमाती म्हणजे त्या अरण्याची जमीन आणि स्टिग्मारिया म्हणजे त्यातील झाडांची मुळे तर नसतील? पुढे मँचेस्टरचे एडवर्ड बिनी यांना स्टिग्मारियाला जोडलेले बुंधेच उभ्या स्थितीत मिळाले आणि शंका फिटली. लेपिडोडेंड्रॉन आणि त्याचा भाऊबंद सिजिलारिया यांची ती मुळे होती. त्यावरील गोल ठिपके म्हणजे उपमुळे गळून पडल्याच्या खुणा.

या एका जोडणीने केवढा मोठा प्रश्न सुटला पाहा. त्या वेळी अनेकांना वाटे, की कोळसा म्हणजे पुराने दुरून वाहून आणलेल्या ओंडक्यांचा ढीग असावा. पण मुळे जर थराखालच्या मातीतच रोवलेली असतील, तर हे अरण्य येथेच उगवले, येथेच पडले आणि येथेच त्याचा कोळसा झाला, असे म्हणावे लागते. बहुतेक कोळशाच्या थरांबद्दल आज हेच मत मान्य आहे.

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरातील व्हिक्टोरिया पार्क या बागेत १८८७ साली एका जुन्या खाणीतून वाट काढण्याचे काम चालले असता असे ११ बुंधे मुळांसकट उघडे पडले. त्यांचे वय सुमारे साडेबत्तीस कोटी वर्षे. ते हलवले गेले नाहीत. त्यांच्यावरच छप्पर बांधण्यात आले आणि जागच्या जागी वस्तुसंग्रहालय तयार झाले! हे बुंधे लाकडाचे नाहीत, वाळूच्या खडकाचे आहेत. झाड मेल्यावर आतला मऊ भाग कुजून गेला, टणक साल उभी राहिली, आणि त्या पोकळ नळकांड्यात वाळू भरली. साच्यात ओतलेल्या गणपतीप्रमाणे वाळूने झाडाचा आकार घेतला.

या प्रचंड झाडांचे आजचे सर्वांत जवळचे नातेवाईक कोण, असे तुम्ही विचाराल. त्याचे नाव ‘आयसोएटीस’. दिसायला ही वनस्पती गवताच्या ठोंबासारखी, जेमतेम वीतभर. पण तिच्या मुळांची अंतर्रचना स्टिग्मारियाच्या उपमुळांशी जुळते. पावसाळ्यात आपल्या सह्याद्रीच्या पठारांवरील पाणथळ जागी ती उगवते. तिच्या एका जातीच्या नावात तर पाचगणीचेच नाव आहे. दहा मजली झाडांच्या कुळातला हा वारस पाचगणीच्या पठारावर पायाखाली येण्याइतका लहान आहे!

खाणकामगारांना नकोसे गोळे

आतापर्यंत आपण ठसे आणि साचे पाहिले. त्यांवरून बाहेरचा आकार कळतो, आतील रचना कळत नाही. ती कळली ते इंग्लंडमधील लँकेशर आणि यॉर्कशर येथील खाणींत सापडणाऱ्या दगडी गोळ्यांमुळे. मुठीएवढे किंवा त्याहून मोठे हे गोळे कोळशाच्या थरातच रुतलेले असतात. ते जळत नाहीत म्हणून खाणकामगार वैतागून फेकून देत. त्यांना ‘कोल बॉल’ म्हणतात, आपण कोळसागोळे म्हणू.

पीट दाबले जाण्यापूर्वीच काही ठिकाणी पाण्यातील चुनायुक्त क्षार त्यात शिरले आणि प्रत्येक पेशीत भरून घट्ट झाले. त्यामुळे तेवढा भाग चेपला गेला नाही. कोळसागोळा म्हणजे त्या अरण्याच्या पाचोळ्याचा, पेशीन् पेशी शाबूत राहिलेला एक ठोकळाच होय. १८५५ साली जोसेफ हूकर आणि बिनी यांनी या गोळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले.

त्यांचा सर्वांत कसून अभ्यास केला तो विल्यम क्रॉफर्ड विल्यमसन यांनी. हे व्यवसायाने डॉक्टर. मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात ते १८५१ पासून प्राध्यापकही होते. गोळा कापायचा, त्याचा काप काचेवर चिकटवायचा आणि आरपार उजेड दिसेपर्यंत घासून पातळ करायचा, असे हे चिकाटीचे काम. अशा शेकडो काचपट्ट्या तयार करून त्यांनी १८७१ ते १८९३ या काळात कोळशातील वनस्पतींवर निबंधांची एक दीर्घ मालिकाच प्रसिद्ध केली. ब्रोंन्यार यांच्या मताच्या फ्रेंच शास्त्रज्ञांचे म्हणणे असे, की ज्या खोडात वर्षानुवर्षे लाकूड वाढत जाते ते झाड बीजधारीच असले पाहिजे. विल्यमसन यांनी काचपट्ट्या पुढे ठेवून दाखवून दिले, की बीजुके असणाऱ्या झाडांतही लाकूड असे वाढत होते. हा वाद कित्येक वर्षे चालला आणि अखेर विल्यमसन यांचे म्हणणे खरे ठरले.

१८९५ साली विल्यमसन वारले. त्यांचा काचपट्ट्यांचा संग्रह लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात गेला. पण त्यातील एक कोडे अजून सुटायचे होते.

ग्रंथींनी दिलेली साक्ष

कोळशाच्या शेलमध्ये सर्वांत अधिक सापडतात ती नेच्यासारखी नक्षीदार पाने. म्हणून कार्बॉनिफेरस कल्पाला ‘नेच्यांचे युग’ असेच म्हटले जाई. पण नेच्याच्या पानामागे बीजुकांचे ठिपके असतात ना? १८८३ साली व्हिएन्नाचे डिओनिस श्टूर यांनी नजरेस आणून दिले, की यांतील कित्येक पानांमागे असे ठिपके कधीच सापडलेले नाहीत. हजारो ठसे पाहिले तरी नाहीत! मग ही पाने खरोखर नेच्यांचीच का?

इकडे कोळसागोळ्यांत एका सडपातळ झाडाचे तुकडे वारंवार मिळत होते. खोडाला नाव होते लिजिनोडेंड्रॉन. पानाच्या देठाला रॅकिऑप्टेरिस. मुळाला कॅलॉक्सिलॉन. शेलमध्ये ठसा उमटलेल्या पानाला स्फेनॉप्टेरिस. खोड, देठ आणि मुळे एकाच झाडाची, हे विल्यमसन यांनी आपल्या हयातीतच जुळवले होते. त्याच गोळ्यांत अर्धा सेंटिमीटर लांबीची एक बी सुटी सापडे. तिचे नाव लॅजिनोस्टोमा. तिच्या एका जातीला, काप तयार करण्यात निष्णात असलेल्या जेम्स लोमॅक्स यांचे नाव दिलेले होते. ही बी कोणत्या झाडाची, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

फ्रान्सिस ऑलिव्हर आणि ड्युकिनफील्ड हेन्री स्कॉट हे दोघे वनस्पतिशास्त्रज्ञ या बियांच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. बी एका पेल्यासारख्या वेष्टनात बसलेली होती, आणि त्या पेल्यावर बारीक ग्रंथी होत्या. टाचणीसारखा देठ आणि वर गोल डोके अशी प्रत्येक ग्रंथी. अशाच ग्रंथी आपण आणखी कोठे पाहिल्या आहेत? लिजिनोडेंड्रॉनच्या खोडावर! आणि त्याच्या पानांच्या देठांवरही! आकार तोच, पेशींची मांडणी तीच. त्या गोळ्यांतील दुसऱ्या कोणत्याही वनस्पतीवर तशा ग्रंथी नव्हत्या.

बी झाडाला चिकटलेली सापडली नव्हती. तरीही दोघांनी या साक्षीवरून १९०३ साली निष्कर्ष जाहीर केला : नेच्यासारखी पाने असलेल्या या झाडाला बी येत होती. ते नेचे नव्हतेच! पाच नावांचे ते एकच झाड होते. अशा वनस्पतींच्या गटाला पुढे ‘बीजी नेचे’ हे नाव मिळाले.

शंकेखोरांना पुरावा हवा होता. तोही फार दिवस वाट पाहावी न लागता मिळाला. १९०४ साली रॉबर्ट किडस्टन यांनी न्यूरॉप्टेरिस या दुसऱ्या एका ‘नेच्या’चे नमुने प्रसिद्ध केले. त्यांत बिया पानालाच जोडलेल्या होत्या. नेच्यांच्या युगातील पुष्कळसे नेचे असे बीजधारी निघाले. यासाठी नवी खाण खणावी लागली नाही, की दूरदेशी मोहीम काढावी लागली नाही. कोडे सोडवण्यात मोठा वाटा होता तो पूर्वीच जमवून ठेवलेल्या काचपट्ट्यांचा आणि त्यांकडे नवा प्रश्न घेऊन पाहणाऱ्या डोळ्यांचा.

नोंद राहिली, आणि खण विसरला गेला

संग्रहातील वस्तू पुन्हा पुन्हा उपयोगी पडते हे खरे, पण एका अटीवर. ती कोणी, कोठे, कधी मिळवली याची नोंद हवी. नोंद नसेल तर काय होते, त्याचे हे उदाहरण पाहा.

२०११ साली हॉवर्ड फाल्कन-लँग हे शास्त्रज्ञ इंग्लंडमधील कीवर्थ येथे ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात कार्बॉनिफेरस कल्पातील लाकडाचे नमुने शोधत होते. नोंद न झालेल्या वनस्पती-जीवाश्मांचा एक खण त्यांनी उघडला. आत काचपट्ट्या होत्या. एक उचलून त्यांनी उजेडात धरली, तर तिच्यावर नाव कोरलेले : सी. डार्विन! उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे चार्ल्स डार्विन हेच ते. १८३४ साली चिली देशातील चिलोए बेटावर त्यांनी गोळा केलेल्या अश्मीभूत लाकडाचा तो काप होता. त्या कपाटात अशा ३१४ काचपट्ट्या निघाल्या.

हे घडले कसे? कोळसागोळ्यांच्या संदर्भात ज्यांचे नाव आले ते जोसेफ हूकर १८४६ साली काही काळ या सर्वेक्षणात नोकरीला होते. हा संग्रह त्यांनी लावला. पण नमुन्यांची रीतसर नोंदवही सुरू होण्यापूर्वीच ते हिमालयाच्या मोहिमेवर निघून गेले, आणि काचपट्ट्यांची नोंद राहून गेली. एका राहून गेलेल्या नोंदीमुळे डार्विन यांचे नमुने सुमारे १६५ वर्षे खणात असूनही हरवल्यासारखेच झाले!

आपल्या कोळशातील जिभा

आता तुमच्या मनात येईल, की चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेड येथील कोळसाही लेपिडोडेंड्रॉनचाच असेल. तसे नाही. परदेशी पुस्तकांतील चित्रे पाहून हा गैरसमज अनेकांचा होतो. आपला हा कोळसा त्यानंतरच्या, म्हणजे पर्मियन कल्पातला आहे. त्या वेळी भारत दक्षिण गोलार्धात खूप खाली होता आणि आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका व अंटार्क्टिका यांना जोडलेला होता. या जोडखंडाला ‘गोंडवनभूमी’ म्हणतात. हे नाव आपल्याच गोंडवनावरून पडले आहे. आपल्या कोळशाच्या आधी येथे बर्फ होते. चंद्रपूर जिल्ह्यात इरई येथे हिमनदीने घासून ओरखडे पाडलेला चुनखडक त्याची साक्ष देतो. बर्फ वितळल्यावर येथे जी दलदलीची अरण्ये वाढली त्यांतील मुख्य झाड होते ‘ग्लॉसॉप्टेरिस’.

या झाडाची गोष्टही आपल्या पाच खोक्यांसारखीच आहे. जिभेच्या आकाराचे, मध्यशीर व जाळीदार शिरा असलेले हे पान. १८२८ साली ब्रोंन्यार यांनी त्याला नेचा समजून ‘जिव्हा-नेचा’ या अर्थाचे नाव दिले. १८३३ साली जॉन फोर्ब्ज रॉयल यांनी भारतातील कोळशाबरोबर मिळणाऱ्या, पाठीच्या मणक्यांसारख्या दिसणाऱ्या एका जीवाश्माला ‘व्हर्टिब्रारिया’ म्हटले. शंभराहून अधिक वर्षे गेली, तरी पानामागे बीजुकांचे ठिपके काही सापडेनात. १९५२ साली दक्षिण आफ्रिकेत एड्ना प्लमस्टेड यांनी या पानांना जोडलेली फलनाची इंद्रिये प्रसिद्ध केली, आणि ग्लॉसॉप्टेरिस हे नेचे नसून बीजधारी वृक्ष होते हे सिद्ध होण्याची वाट मोकळी झाली. व्हर्टिब्रारिया म्हणजे त्याच वृक्षाची मुळे, हेही पुढे कळून आले.

याच पानाची एक हृदयद्रावक आठवण लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. १९१२ च्या फेब्रुवारीत दक्षिण ध्रुवाहून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांच्या सोबत्यांनी बिअर्डमोर हिमनदीजवळ काही दगड गोळा केले. पुढे अन्न संपत आले, पाय गोठले, तरी सुमारे १६ किलोग्रॅम वजनाचे ते दगड त्यांनी टाकून दिले नाहीत. नोव्हेंबरमध्ये शोधपथक पोचले तेव्हा त्या वीरांच्या मृतदेहांपाशी ते दगड मिळाले. केंब्रिजच्या अल्बर्ट सेवर्ड यांनी ते तपासून १९१४ साली जाहीर केले, की त्यांत ग्लॉसॉप्टेरिसची पाने आहेत. बर्फाच्या खंडावर आणि भारतात एकच झाड! एकेकाळी हे भूभाग जोडलेले होते याचा तो मोठा पुरावा ठरला.

याच सेवर्ड यांचे शिष्य म्हणजे आपले बिरबल साहनी. लखनौच्या पुरावनस्पतिविज्ञान संस्थेचे ते संस्थापक. संस्थेची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते ३ एप्रिल १९४९ रोजी बसली. त्या कोनशिलेत निरनिराळ्या काळांतील जीवाश्मच बसवलेले आहेत. त्यानंतर आठवडाभरातच साहनी वारले. भारतातील ग्लॉसॉप्टेरिसचे नमुने आज त्या संस्थेच्या संग्रहालयात आहेत. लखनौला जाण्याचा योग आला तर ते अवश्य पाहा.

करून पाहा

शेवटी एक सोपा प्रयोग. शाडूच्या मातीची जाड वडी करा आणि पपईच्या खोडावर हलक्या हाताने दाबून काढून घ्या. वडीवर पानांच्या खुणांचा उलटा ठसा उमटेल. वडीभोवती पुठ्ठ्याचा कठडा करून त्यात प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओता. ते घट्ट झाल्यावर माती काढून टाका. तुमच्या हातात खोडाचा सुलटा साचा येईल. ग्लासगोच्या बागेत वाळूने जे केले तेच तुम्ही केलेत! शिक्षकांनी हा साचा झाडाचे नाव न सांगता दुसऱ्या वर्गाला दाखवावा आणि झाड ओळखायला सांगावे. आज हयात असलेले झाडसुद्धा एका तुकड्यावरून ओळखणे किती अवघड असते, ते मुलांना लगेच कळेल.

आणि साच्याच्या मागे एक चिठ्ठी चिकटवायला विसरू नका. झाडाचे नाव, गाव, तारीख आणि साचा घेणाऱ्याचे नाव, एवढे तिच्यावर पुरे. तुमच्या शाळेच्या कपाटात चिठ्ठी नसलेले दगड, शंख, बिया पडलेल्या असतील. त्या कोणी आणल्या होत्या, कोठून आणल्या होत्या, हे जुन्या शिक्षकांना आज विचारले तर कदाचित आठवेल. आणखी दहा वर्षांनी ते सांगणारे कोणी उरणार नाही. तेव्हा या कामाला उद्याच लागा.